लेकरासाठी बोलायला कोणती डिग्री लागते?

पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढायलेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ऑटिझम, प्रमाणपत्रावर ६० टक्के. लोक म्हणतात बोलत नाही. बोलतो की! आपण विचारलेल्याचं उत्तर तेवढं देत नाही. भूक लागली की "गंगाखेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे" असं अगदी त्या बाईच्या आवाजात म्हणतो. एकदा स्टँडवर गाडीची वाट बघत वडापाव खाल्ला होता, तेव्हापासून.

तो गावच्या शाळेत तिसरीला आहे. दिवाळीनंतर मुख्याध्यापक म्हणाले, "खिचडीपर्यंत ठेवू, खिचडी झाली की घेऊन जात जा." महिनाभर नेलं. मग कळालं की शेजारच्या दोन गावांत अशीच तीन लेकरं आहेत, त्यांचीही शाळा खिचडीपर्यंतच. आम्ही चार घरं मिळून तालुक्याला गेलो. सगळे म्हणाले, ताई तुम्हीच बोला, तुम्हाला बोलता येतं.

साहेबांनी बसवलं, चहा सांगितला, काही वावगं नाही. मी सुरू केलं, तर दोन मिनिटांत त्यांनी विचारलं, "तुमचं शिक्षण काय? या विषयातलं काही केलंय का तुम्ही?" म्हणाले, बारावी. त्यापुढं मला एक शब्द सुचला नाही. चहा पिऊन आलो.

परत येताना जीपमध्ये दुसऱ्या लेकराची आजी म्हणाली, "माय, तू रडली नसतीस तर बरं झालं असतं." हो, रडले पण होते. ते वर लिहायचं टाळलं.

तर प्रश्न असा. या चार लेकरांसाठी परत जायचं तर मी काय शिकू? स्पेशल बी.एड.? वकिली? की एखादा ऑनलाइन कोर्स?

---

हुरडा | मंगळवार, रात्री ११:०५

साहेबांना त्यांचं शिक्षण विचारायचं होतं की, ऑटिझम या विषयातलं.

---

स्वर_व्यंजन | बुधवार, सकाळी ७:३०

ताई, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, लातूर भागात काम करते. आधी एक गुंता सोडवू. इथं दोन वेगळी कामं आहेत आणि साहेबांनी एकाची पात्रता दुसऱ्याला लावली.

लेकराची चाचणी घेणं, वाचा-उपचार देणं, विशेष शिक्षक म्हणून शिकवणं, या कामांना पदवी किंवा पदविका लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२चा कायदाच आहे तसा, नोंदणी नसताना हे काम केलं तर शिक्षेची तरतूद आहे. आमच्या प्रत्येकाचा सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक असतो. कुठल्याही सेंटरमध्ये गेलात की तो बिनदिक्कत विचारा, आणि विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडं परत जाऊ नका. (ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी वेगळी, ती राज्याच्या परिषदेकडं असते.) हल्ली तीन रविवारचा कोर्स करून, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट भिंतीला लावून 'थेरपी सेंटर' काढणारे वाढलेत. त्यांच्यामुळं आमच्या पोटात दुखतं असं समजा हवं तर, पण नुकसान लेकरांचं होतं.

शाळेत पूर्ण दिवस बसू द्या, हे मागायला मात्र कुठल्याही कायद्यानं डिग्री सांगितलेली नाही.

फक्त तुमच्या हातातला कागद तुम्हाला वाचता यायला हवा. प्रमाणपत्रावरचे टक्के बहुतेक आयएसएए या मोजपट्टीवरून आलेले असतात. ती सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७०च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढं तीव्र. टक्के या गुणांवरून वेगळ्या तक्त्यानं काढतात. त्यामुळं 'सौम्य' आणि '६० टक्के' हे दोन्ही एकाच लेकराच्या कागदावर असू शकतं. "सौम्यच आहे ना, मग कशाला एवढं" असं कुणी म्हणालं तर गडबडू नका. ४० टक्के किंवा जास्त असले की कायद्याच्या लेखी लक्षणीय दिव्यांगत्व, विषय संपला.

आणि एक विनंती. लेकरांची बाजू मांडणारे पालक हळूहळू निदानही करायला लागतात. लग्नात पंगतीत बसून कुणाच्या लेकराकडं बघून "याला ऑटिझम दिसतोय" म्हणू नका. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथं दाखवा म्हणावं आणि थांबावं.

---

गोदातीर | बुधवार, सकाळी ९:१२

राग मानू नका ताई, पण आधी घरातला मोबाईल बंद करा. आमच्या नात्यात एक मुलगा असाच होता, मोबाईल काढून घेतला, सहा महिन्यांत बोलायला लागला. आणि लसी पण विचार करूनच द्याव्यात.

---

हुरडा | बुधवार, सकाळी ९:२०

आलं का. मी वाटच बघत होतो.

---

स्वर_व्यंजन | बुधवार, दुपारी १:४५

@गोदातीर, मोबाईल कमी करावा, कुणाच्याही लेकराचा. पण मोबाईलमुळं ऑटिझम होत नाही. लसीचं म्हणाल तर १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं बारा मुलांवरचा लेख छापला होता. तो २०१० मध्ये त्याच नियतकालिकानं मागं घेतला आणि त्या डॉक्टरचा परवानाही गेला. मधल्या बारा वर्षांत किती घरांत किती आया स्वतःला दोष देत बसल्या असतील, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आईला दोष देणं तसं जुनंच. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या मुलांचं सविस्तर वर्णन केलं. पुढं अमेरिकेतल्या नावाजलेल्या मंडळींनी ठरवून टाकलं की आई थंड, मायाच लावत नाही, म्हणून लेकरू असं. ते खोडलं बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ मध्ये. मानसशास्त्रात डॉक्टरेट होती, पण नौदलाच्या संशोधनात नोकरीला होते, ऑटिझम हा काही त्यांचा विषय नव्हता. घरात असं लेकरू होतं म्हणून वाचायला बसले आणि दिग्गजांना खोटं पाडलं. पूर्णाकाठताई, हे तुमच्यासाठी लिहितेय. पण अर्धीच गोष्ट सांगितली तर लबाडी होईल. हाच माणूस पुढं लस आणि पाऱ्याच्या नादी लागला. बापाची तळमळ तीच, अभ्यासाची सवय तीच, तरी घसरला.

---

आवक_जावक | बुधवार, रात्री ८:१५

मी जिल्हा परिषदेत टपाल सांभाळलं, तीस वर्षं. सगळे साहेब बघितले, चहा सांगणारे आणि न सांगणारे. ताई, चहा सांगणाऱ्या साहेबापासून जास्त सावध राहायचं. चहा झाला की माणसाला वाटतं काम झालं.

तुमची चूक शिक्षणाची नाही. तुम्ही हात हलवत गेलात. कार्यालयात तोंडी बोललेलं कुठंच राहत नाही. साहेबांची बदली झाली की तुमचं बोलणंही त्यांच्याबरोबर बदलून जातं.

अर्ज लिहा. त्यात एकच मागणी. लोक काय करतात, तर शाळा, पेन्शन, एसटीची सवलत, घरकुल, सगळं एका अर्जात कोंबतात. मग तो अर्ज चार टेबलांवर फिरतो आणि चारही टेबलं म्हणतात, हे आमचं नाही. तुमची मागणी काय? 'माझ्या मुलाला इतर मुलांप्रमाणे शाळेची पूर्ण वेळ बसू द्यावे.' ही ओळ पहिल्या परिच्छेदात आली पाहिजे. लेकरू जन्मलं तेव्हापासूनची कहाणी शेवटी, आणि खरं सांगू का, नाही लिहिली तरी चालेल. साहेब पहिल्या पाच ओळी वाचतो. मीच वाचून, खूण करून पुढं पाठवत होतो, म्हणून माहीत.

मग आधार. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. कलम १६ भेदभाव न करता प्रवेश आणि सोयीबद्दल आहे. कलम ३१ म्हणजे ६ ते १८ वयाच्या, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. दोनच कलमं. दहा लिहिली की अर्ज वकिलानं लिहिल्यासारखा दिसतो आणि फाईल 'अभिप्रायार्थ' फिरायला लागते.

यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. शिक्का, तारीख, सही, आवक क्रमांक. क्रमांक महत्त्वाचा, बाकी शोभा. पंधरा-वीस दिवसांनी स्मरणपत्र, त्यात हाच क्रमांक. तरी हललं नाही तर माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा स्टॅम्प, विचारायचं एवढंच की अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. सगळ्यात शेवटी पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार. समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं अशा कामांत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण तिथं पहिल्याच दिवशी जाऊ नका. शाळेत रोज तुमचं लेकरू जाणार आहे, आयुक्त जाणार नाहीत.

अवांतर: आमच्या वेळी अर्ज 'साहेबांच्या सेवेशी' असायचा. मी कधी कुणाची सेवा झालेली बघितली नाही.

---

पूर्णाकाठ | बुधवार, रात्री ९:३०

काका, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. चौघांसाठी एकच अर्ज करू का चार?

---

आवक_जावक | बुधवार, रात्री ९:३३

चार. प्रत्येकाला वेगळा क्रमांक. पण जायचं एकत्र.

---

बालाघाटी | गुरुवार, पहाटे ५:५०

मी शिक्षक आहे, बीड जिल्ह्यात, दोन शिक्षकी शाळा. पहिली ते चौथी आम्ही दोघं. दुसरी बाजू पण ऐका.

कलम घेऊन पालक आले की आम्ही घाबरतो. घाबरलेला मास्तर लेकराला वर्गात बसू देतो, पण कोपऱ्यात, आणि कुणीही त्याच्याकडं बघत नाही. पूर्ण दिवस मिळाला, शाळा मिळाली नाही. माझ्याकडं एक पोरगी होती. मला ऑटिझम हा शब्द माहीत नव्हता. ती प्रार्थनेला कानावर हात ठेवून ओरडायची, मला वाटायचं वांड आहे. तिची आत्या एक दिवस आली, एक पान दिलं हातात, पोरीच्याच वहीतलं. त्यावर लिहिलं होतं: घंटा वाजायच्या आधी तिला सांगा. निळी चटई द्या. 'बस' म्हणू नका, चटई दाखवा. रडली तर मांडीवर घेऊ नका, लांब उभे राहा. एवढंच. ती आत्या सातवी शिकलेली. मला डी.एड.च्या दोन वर्षांत जे कळालं नव्हतं ते त्या पानावर होतं.

त्या पोरीचं पुढं काय झालं ते पण सांगतो. मायबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची. मागं राहिलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह होतं, पण तिथं एवढा गोंगाट, ती राहीना. आत्या तिच्या सासरी गेली, शेवटी पोरगी फडावर गेली. प्रमाणपत्राच्या तपासणीची तारीख आली तेव्हा ती कारखान्याच्या तळावर होती. तारीख हुकली. चैत्रात परत आली तर निळी चटई ओळखेना. ताई, तुमच्या चार घरांत कुणी ऊसतोडीला जाणारं असेल तर त्याचा अर्ज सगळ्यात आधी करा.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत या. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानं तिच्यात चारातले तीन सदस्य पालकच असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. गावात त्या खुर्च्या रिकाम्याच असतात. तिथं कुणी बारावी-तेरावी विचारत नाही.

---

शांत_खोली | गुरुवार, रात्री ११:५८

मी ऑटिस्टिक आहे. वय बत्तीस. मूळ जालन्याचा, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. निदान एकोणतिसाव्या वर्षी झालं. एरवी या विषयावर इथं लिहीत नाही, कारण लगेच कुणीतरी म्हणतं, "तुम्ही तर नीट लिहिता की, तुम्हाला कसला ऑटिझम."

पूर्णाकाठ, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये साहेब आहेत, आजी आहे, जीप आहे, चहा आहे. मुलगा त्या वेळी कुठं होता?

---

पूर्णाकाठ | शुक्रवार, सकाळी ६:१०

माझ्या बाजूच्या खुर्चीवर. फाईलच्या दोऱ्याशी खेळायला होता.

---

शांत_खोली | शुक्रवार, सकाळी ७:४०

मला वाटलंच. त्या खुर्चीवर मी पण बसलेलो आहे. सात वर्षांचा होतो. आई डॉक्टरांना सांगत होती, "याचं कसं होणार, माझ्या मागं याला कोण बघणार." मी टेबलावरच्या पेपरवेटमधला बुडबुडा बघत होतो. मान वर केली नाही म्हणजे ऐकत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. मला आजही ते वाक्य, त्यातल्या प्रत्येक शब्दाचा चढउतार, जसाच्या तसा येतो. माझी फलाट क्रमांक तीनची गाडी म्हणा.

तुमच्या आईपणावर बोट ठेवत नाही. पण संवादकौशल्य म्हटलं की सगळे साहेबांशी कसं बोलावं तेच शिकवतात. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याशी आधी बोलायचं असतं, हे राहून जातं. त्याला चित्रं दाखवून सांगा, उद्या ऑफिसला जायचंय, तिथं तुझ्या शाळेबद्दल बोलायचंय. येतोस की घरी राहतोस? दोन चित्रं, एकावर बोट. आयआयटी मुंबईनं तयार केलेलं जेलो नावाचं मोफत ॲप आहे, मराठीत बोलतं. नाहीतर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्वतः काढा. तो उत्तर देईल का? कदाचित तिसऱ्या दिवशी देईल. वाट बघायची.

त्याच्यासमोर त्याचे हाल सांगू नका. सांगावेच लागले तर तो नसताना. आणि साहेबांना दाखवायला तो ओरडत असतानाचा व्हिडिओ काढू नका. हे मी खूपदा बघितलंय. हेतू चांगला असतो, पण तुमचा स्वतःचा तसा व्हिडिओ कुणी तालुक्याला दाखवला तर?

डॅमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की आम्हाला तुमचं कळत नाही हे अर्धंच खरं आहे, तुम्हालाही आमचं तितकंच कळत नाही. दोन्हीकडून अडतं, पण उपचार एकाच बाजूवर चालू असतात. बालाघाटी सरांच्या त्या आत्यानं दुसरी बाजू दुरुस्त केली.

रडण्याबद्दल आजींनी म्हटलं ते मला पटत नाही. रडा. फक्त रडून झाल्यावर मागणी सांगा.

---

हुरडा | शुक्रवार, सकाळी ८:०२

चेष्टा थांबवतो. वाचनखूण साठवली.

---

गोदातीर | शुक्रवार, सकाळी ११:२०

शांत_खोली, 'ऑटिस्टिक' म्हणणं बरं वाटतं का? 'स्वमग्न' हा किती छान मराठी शब्द आहे.

---

शांत_खोली | शुक्रवार, दुपारी २:१५

शब्द देखणा आहे, मान्य. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून केलेला. पण मग्न माणूस सुखात बुडालेला असतो. मी ट्यूबलाइटच्या घूं आवाजानं हैराण असतो, मग्न कसला? माझ्यापुरतं ऑटिस्टिक. दुसऱ्याला स्वमग्न आवडत असेल तर त्याच्यासाठी ते. विचारायचं.

---

बालाघाटी | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

आमच्या ग्रामसभेत दोन्ही शब्द चालत नाहीत. ऑटिझम म्हटलं की 'अ‍ॅटॅक' ऐकतात, स्वमग्न म्हटलं की वाटतं भजनात दंग. तिथं "याला आवाज सहन होत नाही, आणि बोलायची याची वाट वेगळी आहे" असंच सांगावं लागतं. मग एखादा म्हातारा म्हणतो, "आमच्या चुलत्याचं असंच व्हतं की, लग्नाच्या वाजंत्रीला रानात पळून जायचा." तिथून पुढं गाव ऐकतं.

---

स्वर_व्यंजन | शुक्रवार, रात्री ९:००

भूक लागली की फलाट तीन, हे त्या एका पानावर पहिल्या ओळीत लिहा ताई. आमच्या भाषेत त्याला एकोलालिया म्हणतात. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, पण अर्थ त्याचा स्वतःचा. शाळेत कुणी "बडबड बंद कर" म्हणत असेल, तेव्हा तो जेवण मागत असेल.

---

पूर्णाकाठ | तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०:१०

मंडळी, उशीर झाला. सोयाबीनचा पैसा अडकला होता, त्यात सासूबाईंचं ऑपरेशन.

आज गेलो होतो. चार अर्ज, प्रत्येकात एकच मागणी. चौघांपैकी एक घर खरंच ऊसतोडीचं निघालं. ते अगोदरच गेलेत, त्यांचा अर्ज आजीच्या सहीनं दिला. आजीला सही करायला अर्धा तास लागला, पण अंगठा नको म्हणाली.

मुलाला चार दिवस आधी चित्रं दाखवली, एक ऑफिसचं, एक घराचं. पहिले दोन दिवस दोन्ही चित्रं तोंडात घातली. तिसऱ्या दिवशी ऑफिसचं चित्र उचललं आणि चुलीमागं ठेवून आला. मग घरीच ठेवला. पहिल्यांदाच असं झालं की मी त्याच्यासाठी गेले आणि तो बरोबर नव्हता. जरा चोरट्यासारखं वाटत होतं, का कोण जाणे.

साहेब मीटिंगला गेले होते. एवढी पाठ केलेली वाक्यं, तशीच राहिली. क्लार्कनं अर्ज घेतले. त्याच्याबरोबरचं ते पान (बालाघाटी सर, तुमच्या आत्यासारखं) त्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "फलाट तीनच का?" वडापावची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, हे पान शाळेला पण द्या, इथं फाईलला लावून कुणाला उपयोग. ते सकाळीच देऊन आले होते. मुख्याध्यापकांनी पानाची घडी घालून खिशात ठेवली, बोलले काहीच नाहीत. उद्या खिचडीनंतर थांबवून बघू, एवढं जाताना म्हणाले.

समितीच्या खुर्चीचं पण विचारलं. एक रिकामी आहे, पालकसभा होईल तेव्हा.

काका, पोच घेतली. फोटो टाकलाय, बघा नीट आहे का.

---

आवक_जावक | सोमवार, रात्री १०:२६

शिक्का आहे. तारीख आहे. सही आहे. चारपैकी तिघांवर क्रमांक आहे, तुमच्याच प्रतीवर आवक क्रमांकाची जागा कोरी आहे ताई. उद्या परत जा.